धर

रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर करंजा दिसतं. मागे द्रोणागिरीचा डोंगर, पायथ्याला कोळ्यांची घरं, बंदरात दाटीनं उभ्या असलेल्या बोटी. मध्ये धरमतर खाडीचं तोंड. हे गाव आज उरण तालुक्यात आहे; जुन्या दप्तरात उरण हा पनवेल तालुक्याचा महाल होता आणि त्याही आधी, पोर्तुगीजांच्या काळात, सगळ्या उरण बेटालाच करंजा म्हणत. या गावातल्या प्राथमिक शाळेत मी तेरा वर्षं शिकवलं. त्यातली पहिली चार वर्षं अलिबाग तालुक्यातल्या घरून लाँचनं ये-जा करत.

खाडीत गाळ फार. मोठ्या सुकतीला लाँच धक्क्याला लागायची नाही. (ओहोटीला तिकडे सुकती म्हणतात.) मग पाणी चढेपर्यंत रेवसला बसून राहायचं. पहिल्या वर्षी असाच एकदा तासभर उशीर झाला. धावतपळत चौथीच्या वर्गात शिरले, तर मुलं शांतपणे शुद्धलेखन करत बसलेली. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी मागच्या रांगेतल्या एका मुलाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "काल बोललेलो ना बाई. आज चवथ. नवाला सुकती. लाँच थांबनारच."

संकष्टी होती, त्याच्या आयसचा उपास होता, म्हणून तिथी त्याला ठाऊक होती. पण चतुर्थी आणि नऊ वाजता ओहोटी, हे त्यानं कसं जोडलं? तो म्हणाला, चवथीला तीनची भरती, मग सुकती नवाला. तीन कुठून आले, हे मात्र त्याला सांगता येईना. "आजा सांगतो," एवढंच.

त्याच आठवड्यात मी अपूर्णांक शिकवत होते. घरी येऊन वह्या तपासताना त्याची वही हाती आली. ४ चे ३/४ किती, या प्रश्नापुढे त्यानं लिहिलं होतं ७/४. मी लाल रेघ मारली. वही मिटून दुसरी घेतली आणि मग हात थांबला. चतुर्थीला तीनची भरती म्हणजे चारची पाऊणपटच होती.

पुढच्या शनिवारी मी त्याच्या आजोबांना भेटायला गेले. ओट्यावर बसून ते जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी सांगितलं ते कोकणच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना माहीत असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. मग पुन्हा प्रतिपदेपासून. यामागचं कारण आकाशात आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि पंधरा दिवसांत घड्याळ फिरून जागेवर येतं. पाऊण तास हा त्याचा हाताशी धरता येण्याजोगा हिशेब. आजोबा दुसरीतच शाळा सोडलेले, पण पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. आपल्या भाषेत सव्वा, दीड, अडीच, पावणे असे शब्द आहेत, म्हणून अपूर्णांक त्यांच्या जिभेवर राहत होता. माझ्या फळ्यावर तो एका आडव्या रेघेच्या वर आणि खाली लिहिलेल्या दोन आकड्यांचा झाला होता, आणि त्या रेघेचा पाऊणकीशी काही संबंध आहे, हे मुलाला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

डी.एड. करताना पियाजे, व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांची नावं परीक्षेपुरती पाठ केली होती. त्यांची पुस्तकं उघडून वाचायला लावली या मुलानं. वाचता वाचता ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला एक अभ्यास सापडला. कॅराहर दांपत्य आणि श्लीमन यांनी तो १९८५ साली प्रसिद्ध केला. बाजारात शहाळी, भाजी विकणारी ९ ते १५ वर्षांची पाच मुलं. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले आणि विचारू लागले, इतक्याचे किती, सुटे किती देशील? ६३ प्रश्नांपैकी ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर तेच हिशेब कागद-पेन्सिल देऊन नुसत्या आकड्यांत घातले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. शाब्दिक उदाहरणं करून घातली, तेव्हा ७४ टक्के. बारा वर्षांच्या एका मुलाला दहा नारळांची किंमत काढायची होती. एक ३५चा. दहानं गुणताना शून्य लावायचं असतं हे शाळेनं शिकवलेलं असणार. त्यानं तीन नारळांचे १०५ घेतले, आणखी तीन मिळवले, असं करत ३५० गाठले, कारण बाजारात तीन नारळांचा भाव त्याच्या तोंडात होता. हे वाचताना मला धक्क्यावरचे वाटे दिसत होते. जवळ्याचा वाटा, मांदेलीचा वाटा. माझ्या वर्गातल्या मुली आईशेजारी बसून तीन वाट्यांचे, पाच वाट्यांचे पैसे आणि उरलेले सुटे क्षणात सांगत.

म्हणून मी सगळी उदाहरणं मासळीची केली, आणि तिथेच पहिल्यांदा आपटले. फळ्यावर लिहिलं: समजा, एका कोळ्याने १२ डझन पापलेट २४० रुपये डझन या दराने विकले. पहिल्या रांगेतली मुलगी म्हणाली, "बाई, पापलेट डझनावर कोन इकतं? किलोवर इकतान." मी म्हटलं, "समजा की विकले." तिनं नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी आंबे घेतले. समजा, तुझ्याजवळ ४० आंबे आहेत. "माज्याजवल नायत." समजा, आज दशमी आहे, तर भरती किती वाजता? त्या भरतीवाल्या मुलाचं उत्तर आलं, "आज पाचम हाय." मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो अगदी मनापासून माझी चूक सुधारत होता.

तिथीचा हिशेब त्याला येत होता. न आलेल्या दिवसाचा हिशेब का करायचा, हे त्याला कळत नव्हतं. आणि शाळेतलं निम्मं गणित, सगळं विज्ञान आणि बरंचसं व्याकरणसुद्धा 'समजा' या एका शब्दावर उभं आहे.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लूरिया १९३१ आणि १९३२ साली मध्य आशियात, उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते. शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी कोडं घातलं. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या हे ठिकाण दूर उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? माणसं म्हणाली, आम्ही तिथे गेलो नाही, जे पाहिलं नाही त्याबद्दल कसं बोलावं. पाहून आलेल्याला विचारा. लूरियांनी याचा अर्थ असा लावला की शाळेवाचून माणसाचा विचार डोळ्यांसमोरच्या गोष्टींना बांधलेला राहतो. मला त्या शेतकऱ्यांचं उत्तर वाचून माझ्या वर्गातली ती मुलगी आठवली, पापलेटवाली. खोटं बोलायचं नाही, हे तिला घरी शिकवलेलं. बाजारात खोटा भाव बोलणाऱ्याची पत जाते. आणि इथे बाई स्वतः फळ्यावर न घडलेलं लिहून वर तिलाच उत्तर मागत होत्या.

तरीही लूरियांचं म्हणणं मी तेव्हा खरं मानलं होतं. या मुलांना कल्पनेतला विचार जमत नाही, असं मी एका अहवालात लिहून दिलं. ते वाक्य आज परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

माझं मत बदललं ते धक्क्यावर. एका संध्याकाळी लाँचची वाट पाहत होते. शेजारी एक तांडेल आपल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला बोटीत बसवून काहीतरी विचारत होता. पोरगा माझ्याच शाळेतला. बापूस म्हणत होता, "धर, इंजिन बंद परलं. वारा खालचा हाय. मंग?" पोरगा विचार करून म्हणाला, नांगर टाकीन. "धर, तल खरकाचा हाय, नांगर धरत नाय. मंग?" पोरगा गप्प. मग हळूहळू उत्तर जुळवू लागला. इंजिन नीट चालू होतं. वाराच नव्हता. खडकही नव्हता. बोट धक्क्याला बांधलेली होती. आणि तो मुलगा एकावर एक तीन न घडलेल्या गोष्टी रचून त्यांच्यावर विचार करत होता.

धर. दोर फेकताना म्हणतात तेच धर. हातात घे, ताण सांभाळ.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा 'समजा' पुसला आणि म्हटलं, धर, आज दशम हाय. भरतीवाला लगेच म्हणाला, "सारेसात." वर्ग चालू लागला. सगळेच काही लगेच नाही. पण हात वर होऊ लागले. 'समजा' हा शब्द त्यांना कळत नव्हता असं नाही. त्यांच्या बोलीत तो 'समजून घ्या' या अर्थानं होता, म्हणजे बाई काहीतरी खरं सांगतायत, ते मान्य करा. 'धर' म्हणजे खरं असेल-नसेल, आपण क्षणभर हातात घेऊन बघू. एका शब्दाच्या अदलाबदलीनं मुलांची बुद्धी वाढली नाही. ती होतीच. मी चुकीच्या दारावर उभी राहून हाका मारत होते.

पुढे कळलं की हे इतरांनीही पडताळलेलं आहे. १९८८ साली डायस आणि हॅरिस या संशोधकांनी अगदी लहान मुलांना, चार ते सहा वर्षांच्या, विचारलं होतं: सगळे मासे झाडावर राहतात. टॉट हा मासा आहे. तो पाण्यात राहतो का? साध्या सुरात विचारलं की मुलं आपल्या माहितीवर जात आणि हो म्हणत. हेच दुसऱ्या ग्रहावरची गोष्ट म्हणून, गोष्टीच्या सुरात सांगितलं की मुलं बरोबर तर्क करत: नाही, टॉट झाडावर राहतो. मी हे कोडं करंजाच्या दुसरीत घालून पाहिलं. झाडावर राहणारे मासे म्हटल्यावर वर्ग इतका खुलला की एकीनं विचारलं, मग चिंबोरी कुठं राहणार?

आणखी एक गोष्ट मनाला लागून आहे, ती मुलांच्या पुटपुटण्याची. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या वर्गाची शिस्त नावाजली जाई. गणित करताना ओठ हलता कामा नयेत, हा माझा नियम. पुटपुटणाऱ्याला मी टेबलाजवळ उभं करायची. मला वाटे, तो शेजाऱ्याला उत्तर सांगतोय किंवा त्याचं लक्ष नाही.

पियाजेनं १९२३ सालच्या पुस्तकात लहान मुलांच्या या स्वतःशीच बोलण्याला आत्मकेंद्री बोलणं म्हटलं होतं. दुसऱ्याचा विचार अजून जमत नाही म्हणून मूल असं बोलतं आणि मोठं झालं की ते गळून पडतं, असं त्याचं म्हणणं. व्हिगॉट्स्की वेगळं म्हणाला. त्याचं 'विचार आणि भाषा' १९३४ साली आलं, त्याच वर्षी क्षयानं तो गेला, वय अवघं सदतीस. त्यानं मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी घातल्या, हवी ती रंगीत पेन्सिल किंवा कागद जवळ ठेवला नाही, आणि पाहिलं की अडचण आली की स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट होतं. एक मूल ट्रामचं चित्र काढत होतं. पेन्सिलीचं टोक मोडलं. 'मोडलं' असं ते स्वतःशीच म्हणालं, दुसरा रंग घेतला आणि मोडकी, अपघात झालेली ट्राम काढू लागलं. तोंडातून निघालेल्या शब्दानं पुढचा विचार वळवला. हे बोलणं गळून पडत नाही, ते आत जातं, आपण मोठी माणसं ज्याला मनातल्या मनात विचार करणं म्हणतो ते होतं, असं व्हिगॉट्स्कीनं मांडलं.

मी किती मुलांचा विचार टेबलाजवळ उभा करून थांबवला असेल? त्यातली एक मुलगी मला स्पष्ट आठवते. तिसरीतली. तिला मी वर्षभर 'ओठ मीट' म्हणत राहिले. ती ओठ मिटायची आणि तिचं गणित चुकायचं. पुढे तिच्या घरी गेले तेव्हा ती आजीशेजारी जाळं विणत होती. फाटलेल्या भोकाचे आस (जाळ्याचे डोळे) मोजत, सुई घालत, सतत पुटपुटत: इकरं एक, आता वरून, नाय नाय, खालून. आजी तिला गप्प बस म्हणत नव्हती. आजी स्वतःही पुटपुटत होती. जाळं नीट सांधलं गेलं. शाळेत परत आल्यावर मी तो नियम काढून टाकला आणि वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणू लागला. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी वर्गावर ताबा नाही असा शेरा दिला. तो शेरा मी स्वीकारला. त्या मुलीची मात्र पुढे माफी मागायची राहून गेली. ती पाचवीत दुसऱ्या शाळेत गेली होती.

बोलीचं म्हणाल तर, मी ज्याला चूक समजत होते त्यात मुलाची समज असते, ही गोष्ट शुद्धलेखनाच्या वह्यांतूनही दिसायची. होडीची होरी, पाण्याचं पानी, कोळ्याचा कोली. 'जालं फाटलं' असं एकानं लिहिलं, तर मला आधी वाटलं 'झालं' म्हणायचंय. या चुका अंदाधुंद नाहीत. ळ चा ल, ण चा न, ड चा र, हे दर वेळी, नेमानं. नियम पाळणाऱ्या मुलाला नियम येत नाही असं कसं म्हणावं? मी फळ्याच्या दोन बाजू केल्या, एकीकडे घरचं, दुसरीकडे पुस्तकातलं, आणि मुलांनाच नियम शोधायला लावला. तो त्यांनी दोन दिवसांत शोधला. त्यानंतर लेखनातल्या चुका घटल्या, पण मला त्याहून मोलाचं वाटलं ते असं की मूल 'माझं चुकतं' म्हणायचं थांबून 'आमच्यात असं, पुस्तकात तसं' म्हणू लागलं. ती मला 'बाई, तू' म्हणत, त्याचंही वाईट वाटेनासं झालं. ती आयसलाही तूच म्हणत होती.

आकड्यांच्या नावांबद्दल दोनच ओळी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' असं वाचन आलं आणि भाषा मोडते म्हणून झालेला गदारोळ विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्यांची कळकळ मला पटली होती. पंचवीस ऐकल्यावर आधी पाच ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहितं, हे मी शेकडो पाट्यांवर पाहिलंय. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका विसांनी मोजत, चार विसा आणि तीन. त्र्याऐंशी त्यांना कधी अडला नाही. भाषा मोडते म्हणणाऱ्यांनी एक सकाळ मासळीबाजारात काढायला हवी होती.

भरतीवाल्याचं सांगायचं राहिलं. 'धर' चा वर्गात सराव झाला तेव्हा वर्ष संपत आलं होतं. मी आजोबांना शाळेत बोलावलं. त्यांनी पाऊणकी म्हणून दाखवली, मी फळ्यावर तीन-चतुर्थांश मांडत गेले, आणि दोन्ही रांगा शेजारी-शेजारी उतरल्या. मुलं ओळखू लागली: आजाचं सव्वापाच आणि बाईंचं २१/४ एकच. तेवढ्यात हा उठला.

"बाई, धर, चांदच नाय. मंग भरती येल का?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. काही महिन्यांपूर्वी आज पंचमी आहे म्हणून दशमी मानायला नकार देणारा हा मुलगा. आता त्यानं आकाशातून चंद्रच काढून टाकला होता. मला उत्तर ठामपणे येत नव्हतं, तसं सांगितलं. दोन दिवस विचारपूस केली आणि वर्गात येऊन सांगितलं की सूर्यही पाणी ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोडं कमी. चंद्र नसता तरी लहान भरती आलीच असती. पण सूर्य रोज त्याच वेळी माथ्यावर येतो, म्हणून ती भरती रोज त्याच वेळेला आली असती, पुढे सरकलीच नसती.

तो ओठ हलवत बसला. मी वाट पाहिली.

"मंग तिथीच नाय लागनार," तो म्हणाला. "लाँच रोज येकाच टायमाला अरकेल. बाई, तू रोजच उशिरा."